पहारेकऱ्याची चौकशी

खाली मोटार सुरू झाल्याची घरघर ऐकू आली, तशी सरांनी नातीला हाक मारली. "खारू, ये लवकर. आज चालत्या यंत्राच्या पोटात डोकावायचंय."

खारू दोन उड्यांत खोलीत आली. दिवसभर इकडून तिकडे पळत सतत काहीतरी कुरतडत असायची, म्हणून तिला घरात सगळे खारू म्हणत. आत्ता तिच्या तोंडात पेन्सिलीचं मागचं टोक होतं.

ज्या यंत्राच्या पोटात डोकावायचं होतं, तो तळमजल्यावर जिन्याखाली भिंतीला ठोकलेला एक प्लास्टिकचा डबा होता. डब्यात सरांनी स्वतः जुळवलेलं सर्किट होतं आणि सर्किटच्या मधोमध नखाएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सगळा कारभार बघणारी चिप. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उतरलं की मोटार सुरू करायची आणि टाकी भरली की बंद करायची, एवढंच त्याचं काम. पूर्वी हे काम तिन्ही मजल्यांवरची माणसं एकमेकांवर ढकलत असत. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणत, मधल्या मजल्यावर कॅशियरकाका रिकामेच असतात. कॅशियरकाका म्हणत, टाकी सरांच्या डोक्यावर आहे, तर सरांनीच बघावं. सरांनी डबा बसवला आणि भांडण मिटलं. तंत्रशाळेतून निवृत्त झाल्यावर घराबाहेरच्या माणसांच्या उपयोगी पडलेली सरांची ही एकच गोष्ट होती. जिना उतरताना ते डब्यावर हलकेच थाप मारत, गुणी विद्यार्थ्याच्या पाठीवर मारावी तशी.

डब्यापासून एक वायर जिन्याच्या कडेकडेने वर सरांच्या खोलीत आली होती आणि लॅपटॉपला जोडलेली होती.

"आपल्या दारातल्या पत्रपेट्या आठव," सर म्हणाले. "प्रत्येक पेटीवर नंबर असतो आणि आत काहीतरी असतं. चिपच्या आत अशाच पेट्यांची रांग असते. तिला मेमरी म्हणायचं. तिथे पेटीत पत्राऐवजी आकडा असतो. वीस नंबरच्या पेटीत आत्ता टाकी किती भरली आहे तो आकडा. एकवीस नंबरच्या पेटीत, किती भरली की मोटार बंद करायची तो."

"पेटी उघडायची कशी?"

"उघडायची नाही, विचारायचं. आत मॉनिटर नावाचा एक छोटा प्रोग्राम बसलाय. त्याला तीनच कमांड कळतात. पहिली डी. डी म्हणजे दाखव."

खारूने पेन्सिल कानावर खोचली आणि डी लिहून पुढे वीस लिहिलं. पडद्यावर उत्तर आलं, एकेचाळीस. मग तिने एकवीस नंबरची पेटी विचारली. उत्तर आलं, पंच्याण्णव.

"बघ किती गुणी आहे," सर कौतुकाने म्हणाले. "आपण विचारलं की हातातलं काम बाजूला ठेवतो आणि आधी उत्तर देतो. तुझ्यासारखं 'थांबा हो आजोबा' म्हणत नाही."

"आणि उरलेल्या दोन कमांड?"

इथे सरांचा नियम आडवा आला. त्यांनी जन्मभर तो पाळला होता. एका दिवशी एकच नवी गोष्ट. मूल कितीही हुशार असो, कितीही मागे लागो, दुसरी गोष्ट दुसऱ्या दिवशी. थोडी भूक ठेवून ताटावरून उठावं आणि थोडा प्रश्न ठेवून धड्यावरून, असं ते म्हणत, आणि या नियमावर शिकलेली कितीतरी मुलं पुढे चांगली निघाली होती.

"एम उद्या. जी परवा," असं म्हणून त्यांनी लॅपटॉप मिटला, कारण स्वयंपाकघरातून सूनबाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली होती.

जेवणं आटोपत आली तोच दारावर थाप पडली. दारात कॅशियरकाका उभे होते. त्यांच्या हातात ओला चिंब पेपर होता आणि केस कपाळाला चिकटलेले होते. ते बँकेत कॅशियर होते तेव्हापासून त्यांना एक सवय होती. कुठलीही गोष्ट खरी मानण्याआधी ती उजेडाकडे धरून बघायची. आत्ता ते सरांकडे तसंच बघत होते.

"सर, तुमची टाकी वाहतेय."

"शक्य नाही."

"मग माझ्या डोक्यावर पडलं ते काय गुलाबपाणी होतं? गॅलरीत बसलो होतो मी. मेन स्विच बंद करून आलोय."

सर चप्पल न घालताच खाली धावले. त्यांनी स्विच पुन्हा चालू केला आणि डब्यासमोर उभे राहिले. डबा शहाण्यासारखा वागत होता. टाकी भरलेली आहे हे त्याला कळत होतं आणि मोटार गप्प होती. सरांनी सगळ्या जोडण्या तपासल्या, स्क्रू पिळून पाहिले, आणि पायऱ्या चढता चढता त्यांच्या मनात एक विचार शिरला. डब्यात काही बिघाड नाही. टाकी तर वाहिली. म्हणजे कुणीतरी हात लावला.

संशय हा भाडेकरूसारखा असतो. एक खोली द्या, की हळूहळू सगळं घर त्याचं होतं. सरांनी कॅशियरकाकांना बजावलं की यापुढे टाकी वाहिली तरी स्विचला हात लावायचा नाही, आधी मला बोलवायचं, नाहीतर पुरावा पुसला जातो. कॅशियरकाकांना ते लागलं. आपण भिजायचं, आपणच धावायचं आणि वर आपल्यालाच दम, असं ते डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बोलले. शिवाय हेही बोलले, की सर वरच्या मजल्यावर राहतात, टाकी त्यांच्या डोक्यावर, डबा त्यांचा, वायर त्यांच्या खोलीत. कुणाला किती पाणी जातं ते देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सरांनी जाहीर केलं की आज दुसरी कमांड शिकायची आणि चोरही पकडायचा. मोटारीची घरघर कानावर येताच त्यांनी लॅपटॉप उघडला.

"एम म्हणजे मांड. पेटीतला आकडा काढून आपल्याला हवा तो आत मांडायचा. एकवीस नंबरच्या पेटीत पंच्याण्णव आहे. तिथे सत्तर मांड. म्हणजे टाकी सत्तरला पोचली की मोटार थांबेल. वाहण्याचा प्रश्नच नाही."

खारूने सत्तर मांडले. डी करून पाहिलं, सत्तर दिसले. सरांनी समाधानाने लॅपटॉप मिटला आणि दोघं गॅलरीत झाडांना पाणी घालायला गेले.

संध्याकाळी जिन्यात कॅशियरकाका भेटले. आज पुन्हा वाहिली, ते म्हणाले, आणि मग आपोआप थांबली.

"आपोआप?"

"आपोआप," कॅशियरकाका म्हणाले आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसू लागले.

सर वर आले आणि त्यांनी एकवीस नंबरची पेटी पाहिली. तिथे पंच्याण्णव होते.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. या पेट्या पाटीवरच्या अक्षरांसारख्या असतात. वीज गेली की पाटी पुसली जाते, आणि वीज आली की चिप आपल्या पाठ केलेल्या धड्यातून पहिले आकडे पुन्हा लिहून काढते. सरांना हे अर्थातच माहीत होतं. म्हणून त्यांनी आधी सूनबाईंना विचारलं की वीज गेली होती का. नव्हती. मग ते कॅशियरकाकांच्या दारात गेले.

"मेन स्विचला हात लावलात का?"

"मी?" कॅशियरकाका म्हणाले. "तुम्हीच तर नको म्हणालात."

खरं म्हणजे त्यांनी हात लावला होता. गॅलरीत धबधबा कोसळत असताना कुणीही लावला असता. त्यांनी गुपचूप खाली जाऊन स्विच बंद केला, थोड्या वेळाने चालू केला, आणि दम मिळालेल्या माणसासारखं कुणालाही सांगितलं नाही. बँकेच्या काउंटरमागे कमावलेला त्यांचा चेहरा असा कोरा होता, की त्यावर कशाचीही खूण उमटत नसे.

सर विचारात पडले. वीज गेली नाही. स्विच कुणी बंद केला नाही. तरीही पेटीतला सत्तर जाऊन पंच्याण्णव आला. म्हणजे या इमारतीत डब्याला वायर जोडून एम कमांड देणारा दुसरा कुणीतरी आहे. त्या रात्री सरांना झोप लागेना, आणि मग एकाएकी आठवलं की कॅशियरकाकांचा जावई कॉम्प्युटरमध्ये आहे.

"आजोबा, आज जी ना?" तिसऱ्या दिवशी खारूने विचारलं.

"आज नाही. आज सापळा."

सापळा साधा होता. चोर आत येतो की नाही हे बघायला उंबऱ्यावर पीठ पसरतात, तसं पन्नास नंबरच्या रिकाम्या पेटीत खारूच्या वाढदिवसाची तारीख मांडून ठेवायची. आकडा जागेवर राहिला तर कुणी आलं नाही. गेला, तर आलं. हे काम सरांनी दुपारी उरकलं, मोटार बंद असताना, म्हणजे चोराला सुगावा लागायला नको. मग लॅपटॉप मिटून ते आडवे झाले.

त्या दिवशी टाकी वाहिली नाही. ती रिकामी झाली.

हे पहिल्यांदा कळलं ते डॉक्टरीणबाईंना. त्यांच्या खुर्चीत एक गृहस्थ दातांचा साचा घ्यायचा गुलाबी लगदा तोंडभर घेऊन बसले होते. आता चूळ भरा, असं त्या म्हणाल्या आणि नळाने फक्त एक उसासा टाकला. गृहस्थांना गिळताही येईना आणि थुंकून तोंडही धुता येईना. ते नुसते डोळ्यांनी बोलत राहिले. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन जिन्यातून वरच्या दोन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. तोवर कॅशियरकाका चपळाईने खाली गेले होते. त्यांना आता औषध सापडलेलं होतं. स्विच बंद, स्विच चालू. मोटार घरघरली आणि नळाला पाणी आलं.

वर सरांनी पन्नास नंबरची पेटी पाहिली. खारूचा वाढदिवस नाहीसा झाला होता.

"आला होता," सर हलक्या आवाजात म्हणाले. "आणि आता तो दोन्ही बाजूंनी खेळतोय. कधी भरून वाहू देतो, कधी कोरडी पाडतो."

"कोण?" खारूने विचारलं.

"तेच बघायचंय."

सरांनी पडदा तसाच उघडा ठेवला, पुरावा म्हणून. मोटार चालूच होती. थोड्याच वेळात कॅशियरकाकांच्या गॅलरीत पुन्हा धबधबा सुरू झाला.

रात्री जेवताना सूनबाईंनी विषय काढला. त्या मनाने चांगल्या होत्या आणि बोलण्याआधी त्यांनी सासऱ्यांना दुसऱ्यांदा वाढलं, यावरूनच सरांना काहीतरी वाईट ऐकायचंय हे कळलं.

"बाबा, राग मानू नका. पण हल्ली तुमचं लक्ष थोडं इकडेतिकडे असतं. काल तुमचा चष्मा फ्रिजमध्ये होता."

"तो मी नाही ठेवला."

"मग कुणी ठेवला?"

सरांनी घास खाली ठेवला आणि सुनेकडे पाहिलं. मग नातीकडे पाहिलं. डबा वापरता येणारा माणूस बाहेरचाच असेल कशावरून, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण झोपताना त्यांनी लॅपटॉप उशाखाली ठेवला.

डॉक्टरीणबाई इमारतीच्या सेक्रेटरी होत्या. त्यांनी निकाल तोंडी दिला. रविवारपर्यंत सरळ चाललं तर ठीक. आणखी एकदा गडबड झाली तर डबा काढायचा, बाजारातला तयार आणून बसवायचा, आणि सरांनी पुन्हा इमारतीच्या कुठल्याही वायरला हात लावायचा नाही. बोलता बोलता त्या असंही म्हणाल्या की वय झालं की व्हायचंच, त्यात काही कमीपणा नाही. बाकी सगळं सरांनी ऐकून घेतलं असतं. हे वाक्य त्यांना पचलं नाही.

"रविवारी सकाळी सगळ्यांनी माझ्या खोलीत यायचं," ते म्हणाले. "सगळे माझ्या डोळ्यांसमोर. खाली डब्याजवळ चिटपाखरूही नाही. मग बघू गडबड होते का."

मधल्या दिवसांत सर लॅपटॉपला शिवले नाहीत. चोराला बेसावध ठेवायचं होतं. आणि आश्चर्य म्हणजे त्या दिवसांत टाकी वेळेवर भरली, वेळेवर थांबली, कुणाच्या डोक्यावर थेंब पडला नाही. चोराला बातमी लागलेली दिसते, असा निष्कर्ष सरांनी काढला.

रविवारी खोली भरली. कॅशियरकाकांना पलंगाच्या कडेला जागा मिळाली. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून नेमकी दारात ठेवली आणि तिच्यावर बसल्या, म्हणजे कुणाला बाहेर जायचं तर त्यांच्यावरून जावं लागेल. सूनबाई चहाचे कप देऊन भिंतीला टेकल्या. खारू आजोबांच्या कोपराशी उभी होती. पेन्सिलीचा मागचा रबर तिने खाऊन संपवला होता, आता लाकूड चालू होतं.

खाली मोटार मघापासून घरघरत होती.

"चला," सर म्हणाले. "मी आता सारखं विचारत राहणार. काही बदललं तर सगळ्यांसमोर दिसेल." त्यांनी डी वीस लिहिलं. बासष्ट. "टाकी बासष्ट टक्के. मोटार चालू. सगळं रीतसर."

चहा प्यायला गेला. सरांनी पुन्हा विचारलं. बासष्ट. कॅशियरकाकांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं, मग खाली करून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी कॅशियरकाकांकडे पाहिलं. सूनबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सरांनी आणखी एकदा विचारलं. बासष्ट.

"बराच वेळ झाला बासष्टला," सूनबाई म्हणाल्या.

"पाणी हळू चढतं हल्ली," सर म्हणाले.

कॅशियरकाका चुळबुळायला लागले. त्यांचा एक कान गच्चीकडे होता. त्यांना तो आवाज ओळखीचा झाला होता, टाकी काठोकाठ आल्यावर पाईपमधून येणारा गुळण्या केल्यासारखा. ते उठले.

"जरा खाली जाऊन येतो."

"बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणी हलायचं नाही असं ठरलंय."

"पण टाकी वाहणार आता."

"बासष्ट," सर पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "पडदा खोटं बोलत नाही."

"नोटसुद्धा खोटं बोलत नाही, सर. ती खोटी असते."

तेवढ्यात सरांच्या पाठीमागच्या खिडकीवरून पाण्याची एक जाड सळी खाली गेली. मग दुसरी. मग सगळी खिडकी पाण्याच्या पडद्याने झाकून गेली आणि खोलीत एक हिरवट उजेड पसरला. सरांनी मागे वळून पाहिलं, पुढे वळून डी लिहिलं, आणि पडदा निर्विकारपणे म्हणाला, बासष्ट. खोलीतले सगळे एकदा खिडकीकडे आणि एकदा पडद्याकडे बघत राहिले. एवढी माणसं एका आकड्याकडे इतक्या संशयाने क्वचितच बघत असतील.

"अहो, मला जाऊ द्या," कॅशियरकाका कळवळून म्हणाले. "मी गेलो नाही तर स्विच बंद कोण करणार?"

सगळ्यांच्या माना कॅशियरकाकांकडे वळल्या.

"म्हणजे रोज तुम्ही बंद करत होतात," सर सावकाश म्हणाले.

कॅशियरकाकांचा कोरा चेहरा पहिल्यांदाच कानापर्यंत लाल झाला. "बंद करून चालू. दर वेळी. तुम्ही नको म्हणालात म्हणून बोललो नाही."

"म्हणून माझे सत्तर पुसले. म्हणून खारूचा वाढदिवस पुसला. सापडला. बघा डॉक्टर, चोर सापडला."

"पण सर," कॅशियरकाका म्हणाले, "मी बंद करायचो ते वाहायला लागल्यावर. आत्ता तर मी तुमच्या पलंगावर बसलोय. मग आत्ता कोण वाहवतंय?"

सर पडद्याकडे बघत राहिले. डॉक्टरीणबाईंनी नाइलाजाने खुर्ची सरकवायला घेतली, म्हणजे कॅशियरकाकांना जाता यावं. डबा आता नक्की जाणार हे सगळ्यांना कळलं होतं आणि सरांकडे बघायचं सगळे टाळत होते. सूनबाईंनी रिकामे कप गोळा करायला सुरुवात केली, हातांना काहीतरी काम हवं म्हणून.

एकटी खारू वैतागली होती. रोज उद्या ऐकून तिचा धीर संपला होता, आणि डबा गेला तर धडा कायमचाच बुडणार हे तिला दिसत होतं.

"आजोबा, चोर सापडला ना? मग आता तरी तिसरी कमांड शिकवा."

"खारू, ही वेळ आहे का," सूनबाई म्हणाल्या.

पण जन्मभर शिकवलेल्या माणसाला मुलाने प्रश्न विचारला की त्याची जीभ आपोआप चालू होते, मग घराला आग लागलेली असो. सरांनी पडद्यावरची नजरही हलवली नाही.

"तिसरी जी. जी म्हणजे जा. आपण डी किंवा एम दिली की तो हातातलं काम थांबवून आपल्यासमोर उभा राहतो. आपलं विचारून झालं की त्याला सांगायचं असतं, जा बाबा, आपल्या कामावर जा. नाहीतर तो बिचारा तिथेच उभा राहील. मग मोटार चालू असेल तर चालूच राहील, आणि बंद असेल तर..."

सर थांबले.

तंत्रशाळेत त्यांच्या टेबलावर आजवर जेवढे डबे तपासले गेले, त्यांचं काम संपलं की सर सरळ वीज काढून घेत. पुढच्या वेळी वीज दिली की डबा नव्याने कामाला लागे. जी कमांड ते दर वर्षी मुलांना शिकवत आले होते आणि स्वतः त्यांना ती कधी लागली नव्हती.

त्यांनी हात पुढे केला आणि एक अक्षर लिहिलं.

खाली खट्ट आवाज झाला. मोटारीची घरघर थांबली. खिडकीवरचा पाण्याचा पडदा विरळ झाला, मग दोन-चार सळ्या उरल्या, मग थेंब. खोलीत ऊन आलं.

कॅशियरकाका पुन्हा पलंगावर टेकले. त्यांनी लॅपटॉपकडे, मग सरांच्या बोटाकडे नीट निरखून पाहिलं. "म्हणजे इथे बसून तुम्ही..."

"हो," सर म्हणाले. "पहारेकऱ्याला दारावरून बोलवून घेतलं आणि तासन् तास उभं करून विचारत बसलो, की बाबा रे, दारातून कोण येतंय. तुमची टाकी मीच वाहवली. कोरडीही मीच पाडली. तुम्ही स्विच बंद करून चालू करत होतात, म्हणून तो पुन्हा कामावर जात होता." मग ते म्हणाले, "चष्माही बहुतेक मीच ठेवला असेल."

शेवटी डॉक्टरीणबाईंनी सेक्रेटरीच्या आवाजात निर्णय दिला. मधले दिवस टाकी सुरळीत चालली होती, म्हणजे डब्याचा दोष नाही. डबा राहील. वायर मात्र आजपासून खाली त्यांच्या दवाखान्यात राहील, आणि सरांना डब्याला काही विचारायचं असेल तर त्यांनी आधी येऊन सांगायचं. कॅशियरकाकांनी मान हलवली आणि तेवढ्यात हळूच म्हणून घेतलं की स्विचचं मात्र आपल्याकडे राहू द्यावं, हात बसलाय. सूनबाईंनी सरांच्या कपात उरलेला चहा ओतला. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली होती आणि हसू दाबायला त्यांना कष्ट पडत होते.

सगळे उठायला लागले. तेव्हा खारूने पेन्सिल तोंडातून काढली.

"आजोबा, पण पहिल्या दिवशी तर तुम्ही कुणावर संशय घेत नव्हता. तेव्हा टाकी का वाहिली? तेव्हा तर तुम्ही मला फक्त डी शिकवली होती."

सर तिच्याकडे बघत राहिले. डी सोमवारी, एम मंगळवारी, जी बुधवारी. एका दिवशी एकच गोष्ट. त्यांनी अलगद लॅपटॉप मिटला.

"ते उद्या सांगतो," ते म्हणाले. "आज एक नवी गोष्ट शिकून झाली."

कॅशियरकाका अर्धे उठलेले पुन्हा खाली बसले. सूनबाईंनी कपांचा ट्रे टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून पुन्हा दारात नेऊन ठेवली आणि त्या तीवर ऐसपैस बसल्या.

"आजच सांगा, सर," त्या म्हणाल्या. "आम्हाला वेळ आहे."